सवाईतल्या प्रभाताई
मोठ्या मंडपात ख्यालगायन (रागसंगीताची मुख्य गायनशैली) श्रोत्यांपर्यंत पोचत नाही, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. मी पुण्यात, तेव्हा रमणबाग शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवात, भारतीय बैठकीत बसून, गायिका प्रभा अत्रे ऐकल्या आहेत. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाची सांगता भीमसेनजींनंतर बरीच वर्षं प्रभाताई करत. शेवटचा दिवस, माणसं दमलेली, पण त्यांनी सरगम घेतली, म्हणजे सा-रे-ग-म अशी स्वरांची नावंच गायला लागल्या, की सगळे सावरून बसत. सरगम हा तर त्यांच्या डॉक्टरेटचा विषय! गाताना मात्र अभ्यासाचं ओझं कुठेच नाही. एकेक स्वर सुटा, स्वच्छ, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्या की शेजारच्या आजोबांची थाप मांडीवर बरोब्बर पडायची. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. यंदा जाणार असाल तर पार्किंगच्या घाईत ती चुकवू नका.