पोर्ट वाइन २०४२ पर्यंत जपायची आहे : पोर्तोत ठेवू की पुण्याला आणू?

रेवतीची_आई
नमस्कार मंडळी. सध्या पोर्तुगालमध्ये पोर्तोला ताईकडे आले आहे, परतीचं विमान पुढच्या गुरुवारी आहे. त्याआधी एक गोष्ट ठरवायची आहे.

काल नदीपलीकडे, पोर्टची गोदामं आहेत त्या गायाला गेलो होतो आणि दोन बाटल्या घेतल्या. एक २०१७ची व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची), दुसरी २० वर्षांची टॉनी (लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट). लेक २०१७ची आहे. ती २५ वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे २०४२ साली, तिच्या जन्मवर्षाची बाटली सगळ्यांनी मिळून उघडायची असं मनात आहे. दुकानातल्या बाई म्हणाल्या की एवढी वर्षं ती सहज टिकेल, फक्त नीट ठेवा. हे 'नीट' म्हणजे कुठे?

माझ्यासमोर तीन जागा आहेत. एक, पुण्यातला आमचा फ्लॅट, तिसरा मजला, बेडरूम उत्तरेकडची. दोन, सासरचं गोव्यातलं जुनं घर, जाड भिंतींचं. तीन, इथेच ताईच्या इमारतीचं तळघर. पण ताई भाड्याने राहते, उद्या घर बदललं तर? टॉनीसुद्धा अशीच ठेवून देऊ का? दोन्ही मिळून दीड लिटर होतात, म्हणजे विमानतळावरच्या दोन लिटरच्या सवलतीत बसतात. आणायला अडचण नाही, प्रश्न ठेवायचा आहे.

गारवा_नाशिक
ताई, आधी एक सांगा, दोन्ही बाटल्यांची बुचं कशी आहेत? टॉनीच्या बुचाला वर प्लॅस्टिकची किंवा लाकडाची टोपी असेल आणि ते हातानेच निघत असेल, तर ती बाटली साठवणीची नाही. व्हिंटेजचं बूच लांब, पूर्ण आत दाबलेलं, स्क्रू लावूनच काढावं लागणारं असतं.

मी नाशिकजवळ एका वायनरीत तळघराचं काम बघतो. पोर्ट बनवत नाही, पण बाटलीचं गणित सारखंच. १२ ते १५ अंश, अंधार, हवेत थोडा ओलावा, हादरे नाहीत, बाटली आडवी. यातल्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो आकडा हलता कामा नये. कायम १८ अंशांवर राहिलेली बाटली चालेल, पण जानेवारीत १४ आणि मेमध्ये ३४ सोसणारी चालणार नाही. तापलं की आतला द्रव फुगतो आणि बुचाला बाहेर रेटतो, गार झालं की आक्रसतो आणि बुचाच्या कडेने हवा ओढून घेतो. दरवर्षी हेच चाललं तर २५ वर्षांत बूच थकतं.

हे मी स्वतः भोगलंय. लग्नात मिळालेली एक चांगली बाटली आईने माळ्यावर ठेवली होती, पत्र्याच्या पेटीत. दोन उन्हाळ्यांनी काढली तर बुचाभोवतीच्या आवरणाखाली काळपट चिकट कडं दिसलं, काकवी सांडून वाळावी तसं. बूच दोन मिलिमीटर वर आलेलं. उघडल्यावर वास शिजलेल्या मनुकांचा. तेव्हापासून घरात कुणालाच माळ्यावर बाटली ठेवू देत नाही.

जुना_कोथरूडकर
माझं मत थोडं वेगळं आहे. पोर्ट ही साध्या वाइनसारखी नाजूक नसते. दारूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास, वर साखर भरपूर. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि साखर शिल्लक राहते. उत्तरेकडच्या खोलीत, लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात, जाड कापडात गुंडाळून ठेवा. थोडी लवकर पिकेल, एवढंच. लेकीची बाटली लेकीच्या घरात असावी, यालाही काही किंमत आहे.

गारवा_नाशिक
काका, पाच-सात वर्षांचा प्रश्न असता तर मीही हेच म्हटलं असतं. २०४२ पर्यंत म्हणजे पुण्याचे कितीतरी एप्रिल-मे.

दोरोकाठ
उशिरा लिहितोय, क्षमस्व. गेली नऊ वर्षं पोर्तोत आहे, त्यातली सहा गायामधल्या एका पोर्टच्या गोदामात लोकांना माहिती सांगण्याच्या कामावर. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोरोचं खोरं आणि गाया या दोन जागांच्या हवेतच आहे.

पोर्टची द्राक्षं इथे पिकत नाहीत. ती वर, दोरो नदीच्या खोऱ्यात, शिस्ट दगडाच्या उतारांवर पिकतात. १७५६ साली पोर्तुगालचा मंत्री मार्किश द पोंबालने त्या प्रदेशाची हद्द आखून दिली. तिथल्या हवेबद्दल लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. द्राक्षाला ते मानवतं, पिंपातल्या वाइनला नाही. म्हणून हंगामानंतरचा हिवाळा सरला की वाइन खाली समुद्राकडे आणायची आणि गायाच्या गोदामांत मुरवायची, अशी पद्धत पडली. आणायची ती सपाट तळाच्या राबेलो होड्यांतून. नदी तेव्हा भलती खडतर होती. दोरोचे नकाशे काढणारा बॅरन फॉरेस्टर १८६१ साली याच नदीत, वालेइराच्या घळीत होडी उलटून बुडाला. पुढे धरणं झाली, आता टँकर येतात. होड्या काठाला शोभेला बांधलेल्या तुम्ही पाहिल्या असतीलच.

गायाच का? पोर्तो शहर उत्तर काठावर, गाया दक्षिण काठावर. त्यामुळे गायाचा उतार नदीकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून आहे आणि ऊन कमी लागतं. अटलांटिक अगदी जवळ, हवा दमट आणि मवाळ. गोदामांच्या भिंती जाड ग्रॅनाइटच्या, छपरं उंच, खिडक्या लहान. कित्येक ठिकाणी जमीन अजून मातीची आहे, उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. गावाकडे दुपारी अंगणात सडा टाकल्यावर येतो तसाच गारवा आणि वास त्या काळोखात असतो. मला पहिल्या दिवशी सांगलीचं घर आठवलं होतं.

आणि हो, ज्या लाकडी पिंपात टॉनी मुरते त्याला पोर्तुगीजमध्ये 'पीपा' म्हणतात, साधारण ५५० लिटरचं. आपलं पीप, पिंप त्यातूनच आलंय. पाहुण्यांत कुणी मराठी असलं की मी हे आवर्जून सांगतो.

वर खोऱ्यातच मुरवलेल्या वाइनची वेगळी चव जुन्या लोकांना ओळखू येते. त्याला 'दोरोची भाजणी' अशा अर्थाचा शब्द आहे. रंग लवकर उतरतो, जळक्या साखरेची छटा येते, आटतंही जास्त. काहींना टॉनीत ती छटा आवडते, मलाही आवडते. पण व्हिंटेजमध्ये ती दोषच समजावी. १९२६ पासून निर्यातीची पोर्ट गायातूनच जावी असा नियम होता, तो १९८६ साली सुटला. आता खोऱ्यातही गारवा राखणारी गोदामं आहेत, त्यामुळे 'गाया म्हणजेच चांगलं' असं आज म्हणता येणार नाही. गायाने जे फुकट मिळवलं ते तिथे यंत्राने करावं लागतं, इतकंच.

आता तुमच्या दोन बाटल्या. टॉनीचं म्हातारपण पिंपातच झालेलं असतं. लाकडातून हवा लागत लागत लाल रंग विटकरी, मग मधासारखा होतो. बाटलीत भरली की तिची वाढ थांबली. ती ठेवू नका, या वर्षी-दोन वर्षांत प्या. व्हिंटेजचं उलट. ती लाकडात दोन-तीन वर्षंच राहते आणि पुढचं सगळं आयुष्य बाटलीत काढते. म्हणजे तुमच्या रेवतीच्या बाटलीचं 'गाया' तुम्हालाच शोधायचं आहे. २०११, २०१६, २०१७ ही इथे फार मानाची वर्षं, २०१७ चा उन्हाळा कडक होता आणि वाइन दाट झाली. घाई करू नका, २०४२ ला ती ऐन भरात असेल.

माझा सल्ला : ताईंच्या तळघराचं तापमान आधी मोजा. बाजारात साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो, कमाल-किमान दाखवणारा. तीन-चार दिवस ठेवा, मग बोलू.

मडगांवकर
गोव्यातल्या घराबद्दल मी लिहू शकतो, आमचंही तसलंच आहे, चिऱ्याच्या दीड हात भिंती. दमटपणा गायासारखा मिळेल, गारवा मिळणार नाही. मे महिन्यात आमच्या आतल्या काळोख्या खोलीतसुद्धा ३० च्या खाली येत नाही. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी धरते ती वेगळीच. कुठेही दमट जागी ठेवणार असाल तर लेबलावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म एक वेढा गुंडाळा, म्हणजे २०४२ साली त्यावरचं वर्ष वाचता येईल.

अजून एक. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून जी स्वस्त गोड लाल बाटली मिळते ती वेगळी चीज. नाताळात आमच्याकडेही येते, मला त्या चवीची माया आहे. पण ती ठेवून सुधारत नाही. सासरचं कुणी तिच्या अनुभवावरून 'काही होत नाही, ठेव शिंक्यावर' म्हणालं तर ऐकू नका.

जुना_कोथरूडकर
दोरोकाठ, फार सुंदर लिहिलंत. पिंपाची गोष्ट माहीत नव्हती. मी माझा हट्ट सोडतो, पण एक मधला मार्ग सुचवतो : वाइनचा छोटा फ्रिज. पुण्यातच ठेवता येईल.

गारवा_नाशिक
चालेल, पण कंप्रेसरवालाच घ्या. कंप्रेसर नसलेले लहान फ्रिज खोलीपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. खोली ३६ वर गेली की त्यांचा दम संपतो. आणि तो यंत्र आहे, २०४२ पर्यंत दोन-तीनदा बदलावा लागेल, वीज जाईल, कुणी स्विच बंद करून गावाला जाईल. एका बाटलीसाठी मला तो पटत नाही. घरातला नेहमीचा फ्रिज तर नकोच, फार थंड आणि कोरडा. बूच सुकतं.

रेवतीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉनीच्या बुचाला काळी टोपी आहे, म्हणजे ती साठवणीची नाही हे कळलं.

थर्मामीटर आणला. तळघरात प्रत्येक भाडेकरूला लाकडी फळ्यांची एकेक खोली आहे, ताईची सगळ्यात आतली. भिंत ग्रॅनाइटची, हात लावला तर ओलसर गार. चार दिवसांत किमान १६.८, कमाल १७.५. बाहेर त्याच दिवसांत दुपारी २७ होतं. गंमत म्हणजे पुण्यात नवऱ्याला बेडरूमच्या कपाटात मोजायला सांगितलं, तर पावसाळी हवेतही २४ ते २८.

ताईशी बोलले. ती म्हणाली, घर बदललं तरी बाटली बदलणार नाही, नवीन घराला तळघर नसेल तर तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या गावी ठेवू. मला ते पुरेसं वाटलं. तर रेवतीची बाटली इथेच राहणार. नीट कशी ठेवायची तेवढं सांगा.

दोरोकाठ
साडेसतरा अंश, तेही उन्हाळ्यात! याहून चांगली जागा भाड्याने घ्यायला गेलात तर पैसे मोजावे लागतील.

आडवी ठेवा, बूच ओलं राहिलं पाहिजे. वरच्या अंगाला एक खूण करा. जुन्या काळी व्हिंटेजच्या बाटल्यांवर चुन्याचा पांढरा ठिपका मारत. वर्षानुवर्षं खालच्या अंगाला गाळाचा थर धरत जातो, बाटली हलवल्यावर पुन्हा तोच अंग खाली यावा म्हणून तो ठिपका. ताईंनी घर बदललं तर हीच एक गोष्ट लक्षात ठेवायची, ठिपका वर. जमिनीवर थेट नको, लाकडी फळीवर ठेवा. वॉशिंग मशीन किंवा बॉयलर शेजारी नाही ना, तेही बघा. वर्षातून एकदा ताईंनी बुचाच्या टोकाला बोट लावून बघावं, चिकट लागलं तर मला सांगा.

२०४२ ला भारतात नेणार असाल तर प्रवासानंतर किमान महिनाभर विसावू द्या. मग उघडण्याआधी एक-दोन दिवस उभी करा, गाळ तळाशी बसेल. बूच भुसभुशीत झालेलं असेल, हळू काढायचं. स्वच्छ मलमलीतून, न थांबता, एका धारेत काचेच्या सुरईत ओता. गाळ धारेत येऊ लागला की थांबा. आणि ती दोन-तीन दिवसांत संपवायची.

मडगांवकर
आणि टॉनी?

दोरोकाठ
टॉनी उभीच ठेवायची. प्यायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये, १२-१४ अंशांवर तिचा सुगंध छान उमलतो. अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते. सोबत अक्रोड द्या, किंवा चिक्की. मी इथे पाहुण्यांना एकदा शेंगदाण्याची चिक्की दिली होती, गोदामातले म्हातारे कामगार अजून विचारतात.

रेवतीची_आई
आज सकाळी ठेवून आलो. खूण रेवतीने केली, ताईच्या शिवणाच्या डब्यातल्या पांढऱ्या खडूने. ठिपका नको म्हणाली, 'रे' काढलाय. फिल्म गुंडाळली. खोक्यावर ताईने ३० जूनची तारीख लिहून ठेवलीय, दरवर्षी त्या दिवशी बूच तपासायचं.

टॉनी माझ्या बॅगेत आहे, स्वेटरमध्ये गुंडाळून. गुरुवारी निघतोय. चिक्की घरात आहे.