डार्क मॅटर पकडायला क्रिस्टल एवढा थंड का करतात?

सांजवारा:
इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली डार्क मॅटर (विश्वातला न दिसणारा पदार्थ) शोधणाऱ्या क्रेस्ट प्रयोगाबद्दल वाचतोय. कॅल्शियम टंगस्टेटचा क्रिस्टल १५ मिलीकेल्विनच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करतात म्हणे. १४०० मीटर खडकाखाली का नेला ते कळलं, कॉस्मिक किरण अडवायला. पण एवढी थंडी कशाला? आणि धडकलेला कण डार्क मॅटरचाच, साधा गॅमा किरण नव्हे, हे कशावरून?

मृण्मयी_के:
धडकेची ऊर्जा अगदीच किरकोळ असते हो. एवढ्या कमी तापमानाला क्रिस्टलची हीट कपॅसिटी (तापमान वाढवायला लागणारी उष्णता) तापमानाच्या घनाप्रमाणे घटते, म्हणजे तापमान दहापट उतरवलं की ती हजारपट कमी, मग त्या किरकोळ ऊर्जेनंही तापमान मोजता येईल इतकं चढतं. क्रिस्टलवर टंगस्टनची पातळ फिल्म असते ती सुपरकंडक्टिंग (रेझिस्टन्स शून्य) होण्याच्या अगदी काठावर धरून ठेवतात, जरा ऊब लागली की रेझिस्टन्स झपकन वाढतो.

गॅमाचं म्हणाल तर हा क्रिस्टल चमकतो पण. इलेक्ट्रॉनला धक्का बसला की उजेड भरपूर, अणुकेंद्रकाला बसला की उष्णता तेवढीच पण उजेड फारच कमी. दोन्ही एकदम मोजायचे. न्यूट्रॉन मात्र केंद्रकालाच धडकतो, त्याला पॉलिथिलीनचं कवच.

खडकमाळ:
मृण्मयींचं बरोबर आहे पण खरी अडचण त्याच्या पुढे आहे. क्रेस्टच्या सुरुवातीच्या काळात नीलमचे क्रिस्टल होते, ते इतके घट्ट आवळून बसवलेले की टेकूपाशी बारीक तडे जायचे आणि प्रत्येक तडा सिग्नल म्हणून नोंदला जायचा! टेकू बदलले तेव्हा ते थांबलं. आता तर ३० इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची धडक ऐकू येते, पण तिथे उजेड इतका कमी की उजेडावरून गॅमा वेगळे काढायची ती गाळणी चालतच नाही. आणि नेमके २०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली ढीगभर जास्तीचे सिग्नल मिळतायत.

सांजवारा:
मग तेच डार्क मॅटर नसेल कशावरून??

खडकमाळ:
कारण डिटेक्टर थंड केल्यावर त्यांचा दर महिनोन्‌महिने उतरत जातो, मध्येच गरम करून पुन्हा थंड केला की परत वाढतो. डार्क मॅटरला तुमचा फ्रीज कधी चालू झाला याच्याशी काय घेणंदेणं. क्रिस्टलमधला किंवा फिल्ममधला ताण हळूहळू सुटतोय असा दाट संशय आहे. मला विचाराल तर सध्या या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण हे जास्तीचे सिग्नल बंद झाल्याशिवाय हलक्या कणांचा शोध पुढे सरकणार नाही.

मृण्मयी_के:
हो, आणि जर्मेनियम-सिलिकॉनवाल्या डिटेक्टरांनाही कमी ऊर्जेला असाच त्रास आहे, एकट्या क्रेस्टचं दुखणं नाही हे.