मिशिगन सरोवरासाठी सोळा फुटी बोट

मिशिगन सरोवरात मासेमारीसाठी सोळा फुटी बोटीवर चार डाउनरिगर (वजन लावलेल्या तारेने आमिष खोल पाण्यात नेणारी, बोटीच्या काठावर बसवायची साधने) बसवावेत, असे सुचवले गेले आहे; पण त्याऐवजी दोनच बसवावेत, असे माझे ठाम मत आहे. या सरोवरात उन्हाळ्यात चिनूक सामन हा मासा साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी शोधत खोल उतरतो, आणि आमिष तिथवर नेण्यासाठी प्रत्येक तारेला साडेचार-पाच किलोचे वजन लागते. लहान बोटीत अशा चार तारा वळण घेताना सहज एकमेकींत गुंततात. वजन तळाशी अडकले की सगळा ताण बोटीच्या काठावर येतो, म्हणून डाउनरिगरखाली आतून अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी लावावी आणि तार कापण्याची पक्कड हाताशी ठेवावी.

आमिष पाण्यातून ओढत नेताना ताशी तीन ते पाच किलोमीटरचा संथ वेग राखायला छोटे दुसरे इंजिन उपयोगी पडतेच, शिवाय मुख्य इंजिन बंद पडल्यास त्यावर किनारा गाठता येतो. डाउनरिगरना स्वतंत्र बॅटरी द्यावी. चॅनल १६ वर, म्हणजे संकटकाळी मदत मागण्याच्या चॅनलवर, लावलेला व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा बिनतारी संच) मात्र मोबाईलच्या भरवशावर कधीही वगळू नये.

पूर्व किनाऱ्यावरून निघणाऱ्यांनी पश्चिमेच्या वाऱ्याचा अंदाज आवर्जून पाहावा, कारण तिथे आखूड, उभ्या लाटा फार लवकर उठतात. वसंतातल्या बर्फगार पाण्यात तर लाइफ जॅकेट अंगावरच हवे.