नोटीसमधला ‘टर्मिनेटेड’

सेक्रेटरी: डिअर मेंबर्स, वॉटर सप्लाय विल बी टर्मिनेटेड फ्रॉम टुमारो. प्लीज स्टॉप टू पार्क व्हेइकल्स निअर टँक.

ए-301 काकू: अहो भाऊ कायमचं बंद का?? मी पिंप बादल्या भरून झाल्या आता कुकर पण भरून ठेवलाय

सेक्रेटरी: नाही हो वहिनी, टाकी धुवायचीय. 10 ते 2 फक्त

बी-204 सर: मग टर्मिनेट कशाला लिहिता. टर्मिनेट झालेल्याची नोकरी गेली समजा, सस्पेंड झालेला घरी बसतो, अर्धा पगार खातो आणि चौकशी संपली की बऱ्याचदा परत त्याच खुर्चीत. सस्पेंड म्हणजे मुळात टांगून ठेवणं

रेल्वे आप्पा: सर, आमच्या भुसावळला तर गाडी टर्मिनेट व्हते अन दुसऱ्या दिवशी परत पळते 😄

बी-204 सर: आप्पा तिथं गाडी नाही संपत, तिची फेरी संपते. टर्मिनस त्याच घराण्यातला शब्द, लॅटिनमध्ये हद्द

रेल्वे आप्पा: हे पटलं भो. अन हॉल्ट म्हणजे आमच्यात बारकं स्टेशन, नुसतं थांबणं नाही

सी-102: सर ते जाऊ द्या, मी ‘स्टॉप टू पार्क’ वाचून बाइक टाकीपाशीच लावून आलो 🙈

बी-204 सर: तू बरोबर वाचलंस. स्टॉप पार्किंग म्हणजे गाडी लावणं बंद करा, स्टॉप टू पार्क म्हणजे गाडी लावायला थांबा. आपण ‘चहा थांबवला’ आणि ‘चहाला थांबलो’ यात कधी गोंधळतो का? आपल्याकडे थांबणं वेगळं, थांबवणं वेगळं, वर अडवणं, रोखणं, आवरणं आहेच. तिकडे एकटा स्टॉप सगळीकडे राबतो. आणि स्टॉपचं मूळ काम तर भोक बुजवायचं, बूच मारायचं, बाटलीचा स्टॉपर तिथलाच

ए-301 काकू: आणि प्रिव्हेंट? नातीला उद्या टेस्ट आहे तिला नीट सांगता येत नाहीये

बी-204 सर: दूध वर येताना गॅस बारीक केला ते प्रिव्हेंट. ओट्यावर सांडल्यावर बंद केला तो स्टॉप

ए-301 काकू: म्हणजे आमच्याकडे रोज स्टॉपच 😂

सी-102: क्विट पण सांगा सर, मी ग्रुप क्विट करणार होतो

बी-204 सर: क्विट म्हणजे सोडून मोकळं होणं. कोर्टात निर्दोष सुटला की अक्विट म्हणतात तो याचाच भाऊबंद. म्हणून 1942 ला ‘क्विट इंडिया’, तिथं स्टॉप चाललाच नसता, इंग्रजांनी थांबायचं नव्हतं तर निघायचं होतं. आपल्या नंदुरबारचा शिरीषकुमार त्याच आंदोलनात गोळ्या खाऊन गेला, शाळेत जायच्या वयाचा पोरगा

रेल्वे आप्पा: 🙏🙏

रेल्वे आप्पा: सर कोर्टावरून आठवलं, तो स्टे राहिला. स्टे म्हणजे राहा ना? आमच्या गावाकडच्या बांधावर चुलतभावानं स्टे आणला, तो तेव्हापासून मुक्कामालाच आहे, जेवायचंच तेवढं मागत नाही

सेक्रेटरी: बरं झालं आता. नवीन नोटीस: उद्या सकाळी 10 ते दुपारी 2 टाकी धुणार, तेवढा वेळ पाणी बंद. टाकीजवळ गाड्या लावू नका.

बी-204 सर: आता कसं

सी-102: बाइक काढतो

ए-301 काकू: आणि कुकर? वरण लावायचंय मला