घरात म्हातारं माणूस आणि त्याला सांभाळणारं माणूस: तुमचे अनुभव लिहा

जुळे_सोलापूरची_सून: काल सात रस्त्याला पुढच्या रिक्षावर कमोडची खुर्ची बांधलेली बघितली आणि एकदम सासूबाईच आठवल्या. अर्धांगवायूनंतर अंथरुणातच होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो लालपणा हटला नाही, तर जखम सुरू होतीय समजायचं, हे एका नर्सताईंनी शिकवलं. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. ते सगळं जमत गेलं हो. पण भेटायला येणारे त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसून चहा पिऊन जायचे, आणि तो चहाही मीच टाकायचा. एखाद्या तासभर कुणी नुसतं बसलं असतं तर मी पाठ टेकली असती. तुमच्याकडे कोण आहे, कसं करता?

विडी_घरकुल: आमच्यात अम्मा. पाणी चार-पाच दिवसांआड, ते पण कधी रात्री दोनला येतंय, चादरी धुवायच्या कधी? मेणकापड टाकून त्यावर जुन्या सुती लुगड्याची आडवी घडी घालतो, खांद्यापासून मांडीपर्यंत. ओलं झालं तर तेवढंच काढायचं. दोघांनी दोन कडा धरून उचललं की अम्मा वर सरकते, कातडी घासत नाही अन् आपली कंबर पण वाचते. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला चांगली, खाली नको, जाड वीण रुततीय.

मिल_कामगाराची_लेक: बाबांना विसरण्याचा आजार. दिवेलागणीला सुरू होतं, "भोंगा झाला, पाळी आहे, डबा दे." लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडून किती वर्षं झाली! डॉक्टर म्हणाले वाद घालू नका. भाऊ म्हणतो, "बाबा आज सुट्टी आहे, यंदा बोनस किती देणारेत?" की मग बोनसवर बोलत बसतात, जेवणापर्यंत निभावतं. अंधार पडायच्या आधीच सगळे लाईट लावतो, सावल्यांना घाबरतात. सदऱ्याच्या आत नाव-नंबरची पट्टी शिवलीय.

खाऊगल्ली: कडक भाकरी आमटीत कुस्करून लगदा होईपर्यंत भिजू द्या, आमचे आजोबा तेवढंच आवडीने खातात. शेंगा चटणीचा कोरडा भुगा नको, ठसका लागतोय.

विडी_घरकुल: अम्माला पाण्याचा पण ठसका लागतोय. काय करालेत तुम्ही?

खाऊगल्ली: डॉक्टरांना दाखवा आधी, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट असतात. सरळ बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका.

पेन्शनर_होटगी_रोड: ७० च्या पुढच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. मात्र ॲडमिट व्हावं लागतं आणि दवाखाना योजनेच्या यादीतला पाहिजे, घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून घरून देता येतो, त्यासाठी आजारी माणसाला बँकेत नेऊ नका. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फोन फुकट.

एकटा_मुलगा: आईचं सगळं मीच करतो, अंघोळ, लघवीची पिशवी, सगळं. लोकांना वाटतं पुरुषाला काय जमणार. जमतं. पुण्याची बहीण व्हिडिओ कॉलवर "ह्या डॉक्टरला दाखव, ते तेल लाव" सांगत असते, तिच्यावर राग नाही, पण ताई चार दिवस येऊन रहा ना. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या टायमाला शेजारच्या काकू स्वतःहून आल्या, म्हणाल्या जा, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता बघून ये. संमती कट्ट्यावर गर्दीत उभा राहिलो, सातही नंदीध्वज, हर्र बोला हर्र... रडायलाच आलं मला. घरी आलो तर आई झोपलेली, काकू गवार मोडत बसलेल्या. दोन-तीन तास फक्त. त्यावर मी कितीतरी दिवस काढले.

मिल_कामगाराची_लेक: दादा 🙏 काकूंना नमस्कार सांगा.

जुळे_सोलापूरची_सून: @विडी_घरकुल आमची एअरबेड पडून आहे, पंप चालू आहे, घेऊन जा. लाईट गेली की हवा उतरते तेवढं बघा. आणि बेड असली तरी कूस बदलायचीच.

विडी_घरकुल: लई उपकार ताई. रविवारी भावाला पाठवतो.

जुळे_सोलापूरची_सून: भाऊ कशाला, मीच येते घेऊन. दुपारी मोकळी असते, अम्माजवळ बसेन, तुम्ही दोघं बाहेर जाऊन या.

विडी_घरकुल: अम्मा तेलुगूच बोलतीय आता, मराठी विसरली.

जुळे_सोलापूरची_सून: येतंय की मला, माहेर अशोक चौकातलं.