एकटा काम करणारा टीमला नकोच काय?

उद्यमबागकर: आमच्या फौंड्रीत एचआरनं सगळ्यांची ती स्वभावाची १६ टाइपवाली टेस्ट (एमबीटीआय) घेतली, आता पॅटर्नमेकर (साच्याचा नमुना करणारा) इंट्रोव्हर्ट, म्हणजे एकट्यात रमणारा, आला म्हणून त्याला टीम लीडर करायचं नाही म्हणूलालेत. गडी एकटाच बसतो खरा, पण साच्यात कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) सरकलेला पहिला त्यालाच दिसतो. टाइपवरनं टीमवर्क कळतं काय ओ?

निपाणीकर: छे ओ. गर्दीत दमणारा माणूस आपमतलबीच असतो असं कुठं हाय? ती टेस्ट मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरनं ब्रिग्ज-मायर्स मायलेकींनी काढली, आणि काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा टाइपच बदलतो. त्यापेक्षा स्वभावाचे पाच गुण मोजणारी बिग फाइव्ह टेस्ट बरी, त्यात मिळून-मिसळून वागण्याचा स्केल वेगळा आणि बोलक्या स्वभावाचा वेगळा.

शहापूरची: आमच्या मंडळात शिवजयंतीच्या चित्ररथाला मीटिंगमध्ये घसा फोडणारे ढीगभर, रात्री दोनला वायरिंगला मात्र तो न बोलणाराच. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १९१३ मध्येच लिहून ठेवलंय, दोरी ओढायला माणसं वाढली की एकेकाचा जोर कमी पडतो. (आमच्यात तर दोरी धरून नुसते फोटोच काढतात.)

उद्यमबागकर: मग एचआरला काय सांगू?

निपाणीकर: पहिला त्या गड्यालाच विचारा की, लीडर व्हायचंय काय म्हणून.