गोव्यात घरगुती सुतारकामाला डस्ट कलेक्टर हवाच कशाला? हवा बाहेर घालवा
(सुतारकामाची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पडवीतला रंधा
धुळीचं काय करू असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: २ एचपीचा (अश्वशक्तीचा) डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा-धूळ ओढणारं मोठं यंत्र घ्या, १ मायक्रॉनचं कार्ट्रिज, म्हणजे घड्यांची बारीक गाळणी लावा, छताखालून ४ इंची पाइप फिरवा. माझ्या मते गोव्यात हे बहुतेकांना लागत नाही. हा सल्ला थंड मुलखातला. तिथे खोली तापवायला पैसे जळतात, म्हणून धुळीची हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. आपल्याकडे पेडण्यापासून काणकोणापर्यंत खोली तापवतो कोण? हवा भिंतीपलीकडे घालवली की बारीक गाळणीचा खर्च आणि कटकट दोन्ही गेलं.

उदाहरणाला १२ बाय १४ फुटांची, १० फूट उंच खोली धरा. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आत १२५ मिमीचा ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपरने घासणारा), राऊटर (खाचा पाडणारा), छोटा टेबल सॉ (मेजावरची करवत). थिकनेसर (फळी तासून एकसारख्या जाडीची करणारं यंत्र) नाही. एवढ्याला १२०० ते १४०० वॉटचा ओला-सुका व्हॅक्यूम पुरतो. त्याच्या आधी सायक्लोन सेपरेटर (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारा) आणि रंगाची रिकामी २० लिटरची बादली. बादली आत, व्हॅक्यूम पडवीत, नळी भिंतीतून. म्हणजे आवाज बाहेर आणि गाळणीतून निसटलेली धूळही बाहेर. जोडीला १२ इंची एक्झॉस्ट पंखा. खोलीत साधारण ४८ घनमीटर हवा मावते. ती तासाला १० वेळा बदलायची तर ताशी ४८० घनमीटर लागते, पंख्याला ते जड नाही. खिडकी मात्र पंख्याच्या समोरच्या भिंतीतली उघडायची. शेजारची उघडली तर पंखा तिथूनच हवा ओढतो आणि मधली धूळ जागची हलत नाही.

खरी बारीक धूळ सँडरची. तिथे लक्ष द्या. पॉलिश पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर नीट बसवा. अर्धं भोक झाकलं तरी धूळ कडेने उडते. जाळीचा पेपर मिळाला तर उत्तम. आणि व्हॅक्यूम पूर्ण जोरात लावू नका. ओढ जास्त झाली की पॅड लाकडाला चिकटतं, सँडर उड्या मारतो आणि पृष्ठभागावर गोल गोल चरे उठतात. नळीच्या मुठीवरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

डिचोलीचा सुतार
रंधाबाब, "थिकनेसर नाही" हे एवढं हळूच म्हणालात! तिथेच सगळी गोम आहे. व्हॅक्यूम आणि कलेक्टर ही दोन वेगळी यंत्रं आहेत. व्हॅक्यूमला ओढ भरपूर, हवा थोडी: ३६ मिमीच्या नळीतून ताशी १५० घनमीटरच्या आसपास. कलेक्टरला ओढ कमी, हवा भरपूर. ११० मिमीच्या पाइपमध्ये भुसा खाली बसू नये म्हणून हवेला सेकंदाला २० मीटर वेग लागतो. म्हणजे ताशी ६०० घनमीटरच्या वर. व्हॅक्यूम हे कधीच देणार नाही.

फणसाची ८ इंची फळी थिकनेसरमधून काढा, छिलक्यांचा ढीग पडतो. लांब छिलके ३६ मिमीच्या नळीत शिरताना तोंडाशीच आडवे होतात, त्यांच्यावर पुढचे अडकतात, मिनिटभरात बूच. टेबल सॉची गोष्टही तीच. पात्याखालून ओढलं तरी वरून दात्यांबरोबर येणारी धूळ तोंडावरच येते. खाली १०० मिमी आणि वर गार्डला (पात्यावरच्या झाकणाला) वेगळी नळी, दोन्ही चालवायला हवेचा साठा लागतो. तो कलेक्टरकडेच.

दार उघडं ठेवा
एवढा खटाटोप कशाला? वाड्यावरचे मेस्त्री सगळं काम मांडवाखाली करतात. दोन बाजू उघड्या, समुद्राचा वारा, तोंडाला मास्क. आयुष्यभर चाललंय.

करवतताई
चाललंय म्हणजे नाकाकडे कुणी बघितलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे निश्चित असलेल्या गोष्टींत. नाक आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग, विशेषतः कठीण लाकडाच्या धुळीने. युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेची मर्यादा २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. उघड्या मांडवातही सँडरवर वाकलेल्या माणसाचं नाक धुळीच्या उगमापासून फूटभर असतं. वारा धूळ नेतो, पण नेताना नाकासमोरूनच नेतो.

मास्कबद्दल: निळा सर्जिकल मास्क धुळीला काही कामाचा नाही, कडेने हवा शिरते. एन९५ किंवा आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी२ घ्या, दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबून. दाढी असेल तर तोही बसत नाही. आणि यंत्र बंद झालं की लगेच मास्क काढतात, ते चूक. अगदी बारीक धूळ बंद खोलीत तासन् तास तरंगते. अर्धा तास मास्क राहू द्या आणि पंखाही चालू.

शिसव आणि सागवान असेल तर अंगाचीही काळजी घ्या. दोन्हीच्या धुळीने काहींच्या कातडीवर पुरळ उठतं, शिसवाने तर एकदा अंगाशी आलं की पुढे थोड्या धुळीनेही उठतं. आंब्याच्या लाकडाची ज्याला खाज येते त्याने घामेजल्या अंगाने सँडिंग करूच नये. मे महिन्यात हे सांगणं सोपं, मला माहीत आहे.

फोंड्याचा वायरमन
कोणी काहीही घ्या, आधी बोर्डाकडे बघा. व्हॅक्यूम १४०० वॉट आणि सँडर ३०० वॉट मिळून १७०० वॉट, २३० व्होल्टला साडेसात अँपिअरच्या जवळ. हे १६ अँपिअरच्या पॉइंटला, ६ च्या नाही. टेबल सॉ १८०० वॉट आणि २ एचपीचा कलेक्टर आतून २००० वॉटच्या जवळ ओढणारा, मिळून १६ अँपिअरच्या वर. शिवाय सुरू होताना मोटार काही क्षण पाच-सात पट ओढते. एका लाइनवर हे दोन चालवले की एमसीबी पडणारच. दोन वेगळ्या लाइनी, प्रत्येकी २.५ चौरस मिमी तांब्याची तार, प्रत्येकी सी प्रकारचा (मोटारीची सुरुवातीची ओढ सोसणारा) एमसीबी, अर्थिंग तपासून. बाजारातल्या बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर कलेक्टर चालवू नका, गुंडाळलेली तार तापते आणि तार न तापली तरी व्होल्टेज पडून मोटार तापते.

अजून एक. व्हॅक्यूमची नळी तुंबली की मोटारीचा आवाज चढतो, पण बऱ्याच स्वस्त यंत्रांत ती त्याच हवेने थंड होत असल्याने जळते. कलेक्टरचं उलटं: तोंड मोकळं सोडून, पाइप न लावता चालवलात तर हवा जास्त वाहते आणि मोटार जास्त अँपिअर खाते. नवीन कलेक्टर आणून नुसताच चालवून बघायची हौस त्यामुळे महागात पडते.

पडवीतला रंधा
डिचोलीकर, थिकनेसर वेगळा धरू, मान्य. पण त्याचे छिलके जाड असतात, फुफ्फुसात जात नाहीत. थिकनेसर पडवीत ढकला, खाली ताडपत्री, नंतर झाडू. त्यासाठी २ एचपीचा कलेक्टर आणि छताखालचा पाइप हा सौदा मला पटत नाही. जागाही बघा, कलेक्टर उभा राहिला की चार बाय तीन फूट गेले.

म्हापशेकर
हवा बाहेर घालवायची म्हणता, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय? बाहेरची दमट हवा दिवसभर आत ओढणार. टेबल सॉच्या बिडाच्या टेबलावर सागवानाचा किंवा माटीच्या (ऐनाच्या) लाकडाचा ओला भुसा रात्रभर राहिला की सकाळी काळे डाग पडतात, टॅनिनचं काम. वाळवलेलं लाकूड पुन्हा पाणी पितं. पावसाळ्यात दार लावून गाळलेली हवा आतच फिरवणं शहाणपणाचं. कार्ट्रिजचा उपयोग तिथे आहे.

डिचोलीचा सुतार
कार्ट्रिजचंही ऐकून घ्या. दमट धूळ घड्यांत चिखलासारखी बसते आणि फिरवायच्या हँडलने सुटत नाही. आपटून झाडू नका, घड्या फाटतात. बाहेरून आत, कमी दाबाने, कंप्रेसरची हवा तिरकी मारा, मास्क लावून, अंगणात. व्हॅक्यूमची धुता येणारी हेपा (अतिबारीक धूळ अडवणारी) गाळणी पावसाळ्यात दोन दिवसांतही सुकत नाही. ओली बसवली तर बुरशीचा वास सगळ्या खोलीत. दुसरी गाळणी ठेवा आणि आलटून पालटून वापरा. कागदी पिशवी दमटाने मऊ पडून फाटते, पावसाळ्यात कापडासारख्या फ्लीसची पिशवी वापरा. पावसाळ्यासाठी काम थांबवणार असाल तर पिशवी आणि बादली रिकामी करून ठेवा. आंब्याच्या भुशाला पंधरवड्यात बुरशी येते आणि आत भुंगेरे होतात.

पण म्हापशेकरांचं एक पटत नाही. यंत्र दिवसातून तासभर चालतं, तेवढ्या वेळात आत आलेल्या दमटपणाने लाकूड बिघडत नाही. कौलांच्या फटींतून चोवीस तास तीच हवा येते.

करवतताई
बाहेर सोडणाऱ्यांनी तोंड कुठे काढायचं तेही बोला. चिऱ्याच्या भिंतीत ११० मिमीचं भोक छिन्नीने सहज निघतं, पण पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उताराने बसवा, नाहीतर पावसाचं पाणी पाइपातून आत येतं. बाहेर ४५ अंशांचे दोन बेंड लावून तोंड खाली. बारीक जाळी लावू नका, भुशाने आठवड्यात बुजते; १२ मिमीची जाळी पुरे. काम नसेल तेव्हा तोंडाला टोपी घाला, कुंभारमाशी पाइपात मातीचं घर बांधते आणि ओढ अर्धी झाली तरी कारण सापडत नाही. तोंड शक्यतो पूर्वेला. पावसाळी वारा आणि दुपारचा समुद्राचा वारा दोन्ही पश्चिमेकडून येतात. पूर्वेला शेजाऱ्यांची दोरी असेल आणि दोरीवर कपडे, तर फणसाचा पिवळा भुसा ओल्या धोतरावर काय करतो ते शेजारीच येऊन सांगतील. त्या परिस्थितीत गाळणीच लावा.

आणि हे महत्त्वाचं: कामाच्या खोलीला लागून न्हाणीघर आणि त्यात गॅस गीझर असेल, तर जोरदार पंखा किंवा बाहेर सोडलेला कलेक्टर दार-खिडकी बंद ठेवून कधीच चालवू नका. खोलीत हवा कमी पडली की ती गीझरकडून ओढली जाते आणि जळालेला वायू घरात येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दार उघडं ठेवा
पीव्हीसी पाइपात स्थिर विजेने धुळीचा स्फोट होतो म्हणतात, तेही सांगा. म्हणजे सगळेच झाडू घेतील.

फोंड्याचा वायरमन
घरच्या पाइपात होत नाही. पाइपातली धूळ तेवढी दाट नसते. गोव्याच्या दमट हवेत झटकाही क्वचित. लागत असेल तर पाइपाभोवती उघडी तार गुंडाळून अर्थला जोडा, झटक्यासाठी तेवढं पुरे. आग लागते ती वेगळ्या कारणाने: लोखंड ग्राइंडरने घासताना त्याच व्हॅक्यूमने ओढलं, ठिणगी पिशवीतल्या भुशात गेली आणि तासाभराने धूर आला. लोखंडाला वेगळं यंत्र. जवसाच्या तेलाचा बोळा भुशाच्या बादलीत टाकू नका, तो आपोआप पेटतो. पाण्यात बुडवून किंवा दोरीवर मोकळा पसरून सुकवा.

म्हापशेकर
रंधाबाब, सायक्लोनखालची बादली पोटाशी चिमटते त्यावर उपाय? नळी तुंबली की धाडकन आत बसते.

पडवीतला रंधा
बादलीच्या आत १२ मिमी प्लायच्या दोन कड्या, एक तळापासून तिसऱ्या हिश्श्यावर, एक दोन तृतीयांशावर. किंवा दोन बादल्या एकात एक. झाकणाच्या काठाला दाराचा फोमचा पट्टा चिकटवा; तिथे सुईएवढी फट राहिली तरी खालून हवा शिरते आणि भुसा बादलीत न पडता वर व्हॅक्यूममध्ये जातो. बादली दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, त्यापुढे सायक्लोन भुसा परत उचलतो. सँडरच्या तोंडाचा आणि नळीचा माप जुळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा चार इंचाचा तुकडा आणि दोन क्लिप. महाग अडॅप्टर शोधत बसू नका.

डिचोलीचा सुतार
बादलीवर एकमत, कलेक्टरवर नाही. ज्याच्याकडे फक्त सँडर आणि राऊटर, त्याने रंधाबाबांचं ऐकावं. टेबल सॉ किंवा थिकनेसर आला की कलेक्टर घ्या, पाइप ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी), काटकोनी टी जोड नको तिरका वाय लावा, ९० चा एक बेंड नको ४५ चे दोन, आणि लवचीक नळी शेवटच्या दीड मीटरपुरतीच, ती गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट अडवते. एका वेळी एकच गेट (पाइपाची झडप) उघडं. हवा तुमच्यासारखी बाहेर सोडा, मला चालेल.

पडवीतला रंधा
टेबल सॉ आला म्हणून लगेच नाही. आधी ३,००० रुपयांच्या आतला पीएम २.५ चा (२.५ मायक्रॉनखालची धूळ मोजणारा) मीटर लावून बघा. पावसाळ्यात त्याचा आकडा फुगतो, हवेतले पाण्याचे कणही तो मोजतो, म्हणून काम सुरू करण्याआधीचा आकडा आणि काम संपल्यावर अर्ध्या तासाचा आकडा, एवढा फरक लिहून ठेवा. फरक उरला तर कलेक्टरचं बोलू.